चित्रांच्या जीन्सवर काय घालायचं, हे ठरवण्याआधी वरचा कपडा कुठे संपतो ते बघा

तुम्ही लिहिलंय, की काळ्या रंगाची वाइड लेग जीन्स घेतली. डाव्या मांडीवर पांढऱ्या ब्रशच्या फटकाऱ्यांनी काढलेला मोठा चेहरा, त्याच्या गालावरून घोट्यापर्यंत ओघळत गेलेला लाल रंग, आणि उजव्या पायावर गुडघ्याखाली मोठाली इंग्रजी अक्षरं. दुकानात आरशासमोर ती फार आवडली, पण घरी आल्यापासून दोनदाच अंगावर चढली. एकदा लाल टी-शर्टखाली घातली, तेव्हा मैत्रीण म्हणाली, ‘लांबून होर्डिंग चालत येतंय असं वाटलं.’ दुसऱ्यांदा गुडघ्यापर्यंतच्या छापील कुर्तीखाली घातली, तेव्हा कुणी काही बोललं नाही, पण तुम्हालाच काहीतरी बिनसलंय असं दिवसभर वाटत राहिलं. उंची पाच फूट दोन इंच, मांड्या जरा भरलेल्या, नोकरी पुण्यात, ऑफिसात कपड्यांचं बंधन नाही, जाणं-येणं स्कूटरवर. आणि तुमचा प्रश्न असा, की या जीन्सवर कुठले टॉप मॅच होतील आणि ती रोजच्या वापरात येईल की कपाटातच राहील.

ती रोजच्या वापरात नक्की येईल. मी नऊ वर्षं मालिकांच्या सेटवर कपडेपटात काम केलं आणि त्यानंतर गेली तेरा वर्षं ठाण्यात माझं कपड्यांचं आणि अल्टरेशनचं छोटं दुकान आहे. चित्रांच्या, पॅचच्या, भरतकामाच्या, हाताने रंगवलेल्या जीन्स घेऊन बायका आणि मुली माझ्याकडे येतात त्या बहुतेक हाच प्रश्न घेऊन. माझा अनुभव असा, की मॅचिंग ही यातली खरी अडचण नसते. तुमचे दोन्ही दिवस बिघडले ते दोन अगदी वेगळ्या कारणांनी. ती कारणं कळली, की तुमच्या कपाटातले निम्मे टॉप तुम्ही स्वतःच बाजूला काढाल.

आधी कुर्तीचा दिवस घेऊ, कारण ती चूक जास्त जण करतात आणि ती पटकन कळतही नाही. चेहरा मांडीवर आहे आणि कुर्ती गुडघ्यापर्यंत. म्हणजे चेहरा पूर्ण झाकला गेला आणि बाहेर राहिले ते फक्त लाल ओघळ. चेहऱ्यासकट बघितलं तर ते ओघळ चित्राचा भाग असतात. चेहरा गेला की बघणाऱ्याला पायावर लाल डाग दिसतात. समोरच्याला काय खटकलं ते सांगता येत नाही, तुम्हालाही आरशात समजत नाही, पण नजर तिथे अडकते. त्यात कुर्ती छापील. म्हणजे वर एक पूर्ण चित्र आणि खाली दुसऱ्या चित्राचं शेपूट.

म्हणून मी दुकानात टॉपचा रंग सगळ्यात शेवटी बघते. आधी बघते ते वरचा कपडा कुठे संपतो. साधा, एकरंगी, महागातला टॉपसुद्धा जर जीन्सवरच्या चेहऱ्याच्या डोळ्यांवर येऊन संपला, तर सगळं फसलं. चित्राला भिंतीवर लावताना आपण फ्रेमच्या आत चारी बाजूंनी कोरी जागा सोडतो ना, तशीच कोरी जागा इथेही लागते. तुमच्या वर्णनावरून चेहऱ्याचं कपाळ खिशाच्या तोंडापासून थोडं खाली सुरू होत असावं. तर टॉपची खालची कड आणि कपाळ यांच्यामध्ये किमान चार बोटं काळं कापड मोकळं दिसलं पाहिजे. बोटं आडवी ठेवून मोजा, अंदाजाने नको.

या हिशोबाने तुमच्यासाठी वरचा कपडा संपायच्या दोनच चांगल्या जागा उरतात. एक म्हणजे कमरपट्टी, टॉप आत खोचून किंवा मुळातच आखूड टॉप घालून. दुसरी म्हणजे जीन्सची झिप जिथे संपते त्याच्या जरा वर. त्याखाली गेलात, की चित्र कापलं जाणार. एक अपवाद आहे, तो पुढे सांगते. उलट ज्यांच्या जीन्सवर चित्र गुडघ्याखालीच आहे त्यांना मांडीपर्यंतचा कुर्ता सुद्धा चालतो, आणि ज्यांचं चित्र मागच्या खिशांवर आहे त्यांनी टॉप खोचला नाही तर ती जीन्स घेतली कशाला असं होतं. म्हणून दुसऱ्या कुणाच्या फोटोवरून नक्कल करू नका. तिची जीन्स आणि तुमची जीन्स एकाच दुकानातली असली तरी चित्राची जागा वेगळी असू शकते, आणि पाच फूट सहा इंचांच्या मुलीवर जे चित्र मांडीवर येतं ते तुमच्यावर गुडघ्यापाशी उतरतं.

आता लाल टी-शर्टचा दिवस. तुम्ही प्रिंटमधला रंग उचललात, हे बरोबर केलंत. पण उचललात तो त्यातला सगळ्यात मोठ्या आवाजाचा. तुमच्या जीन्सवर काळा भरपूर आहे, पांढरा बऱ्यापैकी आहे आणि लाल अगदी थोडा. थोडा आहे म्हणूनच तो लाल उठून दिसतो. छातीभर लाल टी-शर्ट आला, की पायावरच्या ओघळांची गंमत संपली आणि काळ्या-पांढऱ्याची लढाई मात्र तशीच राहिली. वर लाल, खाली काळं-पांढरं, मधे पुन्हा लाल. मैत्रिणीला होर्डिंग दिसलं ते यामुळे.

आपल्याकडे काठपदराच्या साडीवर ब्लाऊज निवडताना जाणत्या बायका काय करायच्या ते आठवा. पदरावर मोर, बुट्टे, जरी, चार रंग असतील तर ब्लाऊज मोराच्या झळाळत्या रंगाचा क्वचितच असायचा. काठातला एखादा मागे राहिलेला रंग, वांगी, बाटली हिरवा, असा काहीतरी असायचा आणि तो सपाट असायचा. पदर बोलतोय तर ब्लाऊजने ऐकायचं. फॅशनच्या पुस्तकातलं मला माहीत नाही, पण कपडेपटात मी जे शिकले ते सगळं माझ्या आजीने लग्नाच्या खरेदीत दुकानदाराच्या गादीवर बसून आधीच शिकवलेलं होतं. चित्रांच्या जीन्सला हाच नियम लावा. त्यातला सगळ्यात शांत रंग वर घ्या आणि वरचं कापड बोलणारं नसू द्या.

शांत रंग म्हणजे तुमच्या बाबतीत काळा आणि पांढरा, पण इथे दोन खाचखळगे आहेत. काळी जीन्स दोन-चार धुण्यांत राखाडीकडे झुकते, काही कापडं तपकिरी किंवा हिरवट छटेकडे जातात. त्यावर कोरा काळाभोर टी-शर्ट घातला, की जीन्स जुनी आणि विटलेली दिसायला लागते. म्हणून काळ्याशी काळं जुळवण्याच्या फंदात पडू नका. सरळ कोळशासारखा गडद राखाडी घ्या, म्हणजे फरक मुद्दाम ठेवलाय हे कळतं. पांढऱ्याचंही तसंच. काळ्या कापडावर छापलेला पांढरा रंग सहसा शुभ्र नसतो, खालचा काळा त्यातून थोडा डोकावतो. शेजारी नीळ दिलेला पांढराशुभ्र शर्ट आला, की तो छाप मळका वाटतो. मांजरपाटाचा जो रंग असतो ना, किंचित पिवळसर, तो यावर फार छान बसतो. माझ्याकडे मांजरपाटाचे साधे अर्ध्या बाह्यांचे शर्ट मी शिवून ठेवते ते मुख्यतः याच कामासाठी.

प्रिंटमध्ये नसलेला रंग घालायचाच असेल तर मातकट, शेवाळी, फिकट निळा डेनिम यांच्यापैकी घ्या. गुलाबी, पोपटी, लिंबू कलर हे काळ्या-पांढऱ्या-लालवर घालायला हात बसलेला असावा लागतो. तो पुढे बसेल, सुरुवात त्याने करू नका.

आणि लाल अजिबात वापरायचा नाही का? वापरायचा, पण टिकलीएवढा. हे मी शब्दशः सांगतेय. कोळशी रंगाचा टॉप, ही जीन्स आणि कपाळावर छोटी लाल टिकली. पायावरचा लाल आणि चेहऱ्यावरचा लाल यांची आपोआप ओळख पटते आणि बघणाऱ्याची नजर जीन्सवरून वर तुमच्या चेहऱ्यावर येते. टिकली लावत नसाल तर कानात लाल खडा, नाहीतर हातात एक लाल दोरा. यापैकी एकच. सेटवर आमचं पहिलं काम हेच असायचं, की बघणाऱ्याची नजर शेवटी माणसाच्या चेहऱ्यावर पोचली पाहिजे. जीन्सवर भलामोठा चेहरा काढलेला असेल तर खऱ्या चेहऱ्याला तेवढी मदत करावी लागते. म्हणून गळ्यात ऑक्सिडाइज्डचा मोठा हार, हातभर बांगड्या असं काही त्या दिवशी नको. कॉलर असलेला कपडा, नीट बांधलेले केस आणि कपाळावर किंवा कानात एक ठिपका एवढं पुरतं.

एकरंगीच घालत राहायचं का, असं तुम्हाला वाटेल. नाही. बारीक नक्षी आणि मोठं चित्र हे एकत्र नांदू शकतात, कारण बारीक नक्षी लांबून एकरंगीच दिसते. याचं उत्तम उदाहरण म्हणजे खण. हातात घेतलात तर बारीक ठिपके, फुलं, विणीतला चकाकता पोत सगळं दिसतं. चार-पाच हातांवरून बघा, एकसंध रंग दिसतो. गडद रंगाच्या खणाचा, काठ न लावलेला, कमरेपर्यंतचा टॉप अशा जीन्सवर मी तीन जणींना दिलाय आणि तिन्ही वेळा तो चालला. काठ लावलेला असेल तर मात्र पोटावर आडवी रेघ येते आणि तुमच्या उंचीला ती नको. तसंच बारीक उभ्या रेघांचा शर्ट चालतो, बोटभर रुंद चौकटींचा नाही. इकतचे मोठे नमुने, वारलीची माणसं, अजरखचे चौकोन ही सगळी स्वतः चित्रं आहेत. त्यांना त्यांचा दिवस द्या, साध्या निळ्या जीन्सवर.

पलीकडची बाजूही सांगते. हा नियम मोडून, खालीही चित्र आणि वरही चित्र घालून सुंदर दिसणाऱ्या मुली मी पाहिल्यात. पण त्या जेव्हा तसं करतात तेव्हा दोन्ही चित्रांमध्ये काहीतरी एक समान ठेवतात, बहुतेक वेळा रंगांची संख्या. तुम्ही रोजच्यासाठी विचारलंय, सकाळी आठ मिनिटांत तयार होऊन निघायचंय, म्हणून मी तुम्हाला त्या वाटेने नेत नाही.

एवढं झालं की फोनवर एक परीक्षा घ्या. आरसा खोटं बोलत नाही पण तो फार जवळून बोलतो. घरातल्या कुणालातरी दहा-बारा फुटांवर उभं करून पायांपासून डोक्यापर्यंतचा फोटो काढायला लावा. तो फोटो कृष्णधवल करा आणि डोळे बारीक करून बघा. नजर आधी जीन्सवर आणि मग चेहऱ्यावर गेली तर जमलं. नजर तीन ठिकाणी टप्पे खात राहिली तर तिसरी वस्तू काढून ठेवा, बहुतेक वेळा ती पर्स किंवा बूट निघते. आणि मग एक फोटो खुर्चीत बसून काढा. बसल्यावर मांडी वर येते, चित्र समोरच्याच्या नजरेच्या पातळीला येतं आणि टॉपची कड सरकते. ऑफिसात टेबलामागे बसलात तर लोकांना तुमची जीन्स दिसतच नाही, दिसतो तो फक्त शर्ट. म्हणून ऑफिसच्या दिवशी शर्टावर जास्त लक्ष द्या. इस्त्री केलेला सुती शर्ट, बाह्या दोन घड्या दुमडलेल्या, पुढून खोचलेला. मीटिंगला उभ्या राहिलात की जीन्स दिसते, पण तोवर वरच्या कपड्याने तुमचा नीटनेटकेपणा सांगून झालेला असतो.

आता मांड्यांबद्दल, कारण तुम्ही ते एका ओळीत लिहून पुढे गेलात पण मला वाटतं प्रश्न तिथेच सुरू झाला. काळ्यावरचा पांढरा पुढे येतो, हे खरं आहे. पांढरा चेहरा मांडीवर आहे म्हणजे ती मांडी थोडी रुंद दिसणार. टॉप बदलून हे पूर्ण जाणार नाही, आणि जातं असं मी सांगितलं तर ते खोटं होईल. पण ते कमी करता येतं. इथे तो मघाचा अपवाद येतो. आत कोळशी टी-शर्ट खोचा आणि त्यावर मांडीपर्यंत येणारा सैल शर्ट किंवा बिनबाह्यांचं जॅकेट बटणं न लावता घाला. त्याच्या दोन उघड्या कडा उभ्या रेघांसारख्या खाली उतरतात, चेहऱ्याची बाहेरची बाजू थोडी झाकतात आणि मधलं चित्र तसंच राहतं. पडद्याआडून बघितल्यासारखं. आडवी कड चित्र कापते, उभी कड चित्राला चौकट देते, म्हणून लांब कुर्ती चालली नाही आणि उघडा लांब शर्ट चालतो. पर्स उजव्या बाजूला घ्या, कारण डावीकडे आधीच खूप काही आहे.

मागच्या वर्षी पन्नाशीच्या एक बाई आल्या होत्या. लेकीने परदेशातून जीन्स आणली होती, दोन्ही मांड्यांवर भरतकामाची मोठी सूर्यफुलं. त्यांनी ती घालून दाखवली तेव्हा त्यांचे दोन्ही हात फुलांवर होते. बोलताना हात उचलायच्या आणि पुन्हा तिथेच ठेवायच्या. त्यांचा टॉप लांब होता आणि फुलांच्या बरोबर मध्यावर संपत होता. मी त्यांना मलमलचा फिका मातकट शर्ट दिला, पुढून थोडा खोचायला सांगितला आणि दुकानाच्या काचेच्या दारापर्यंत चालत जाऊन परत यायला सांगितलं. परत येताना त्या लेकीशी फोनवर बोलत होत्या आणि मोकळा हात बाजूला हलत होता. फुलं आता पूर्ण दिसत होती आणि त्यांना त्याचं काही वाटत नव्हतं. तेव्हापासून मी हीच खूण बघते. माणूस उभा असताना हात आणि पर्स चित्रावर जातात का? जात असतील तर अजून काहीतरी बदलायचं राहिलंय.

आता अल्टरेशन. वाइड लेग जीन्स पाच फूट दोन इंचांना बहुधा लांब होते आणि तुम्ही ती कापायला द्याल, म्हणून हे नीट वाचा. पहिली गोष्ट, आधी एकदा धुऊन वाळवून घ्या. डेनिम पहिल्या धुण्यात थोडं आटतं. कोरी कापली आणि मग आटली तर घोट्याच्या वर चढते. दुसरी गोष्ट, खाली कापताना चित्राचं काय जातं ते बघा. मी सुरुवातीच्या काळात एका मुलीची जीन्स दोन इंच कमी केली आणि पायाशी असलेल्या अक्षरांची खालची टोकं कापली गेली. शब्द वाचताच येईना. ती काही बोलली नाही, पण तिचा चेहरा मला अजून आठवतो. तेव्हापासून मी आधी टाचण्या लावून दाखवते आणि मगच कात्री घेते. तुमचे लाल ओघळ घोट्यापर्यंत आहेत, ते कापले तरी बिघडत नाही, कारण ओघळ कुठेही थांबू शकतो. अक्षरं मात्र कुठे संपतात ते मोजा. मूळ कड तशीच ठेवून, वरचं कापड कापून ती कड पुन्हा जोडून देता येते. याला थोडे जास्त पैसे पडतात, पण झिजलेली मूळ कड टिकते. शिंप्याला स्पष्ट सांगा, ‘ओरिजिनल हेम ठेवायची आहे.’

तिसरी गोष्ट, पाय निमुळते करायचा मोह आवरा. जीन्सची आतली शिवण बहुधा दुमडून दुहेरी टाक्यांची पक्की असते आणि बाहेरची साधी, म्हणून शिंपी सोय बघून बाहेरून घेतात. चित्र बाहेरच्या शिवणीवरून मागे वळत असेल तर ते तिथेच तुटतं, चेहऱ्याचा कान नाहीसा होतो. घ्यायचंच असेल तर आतून घ्यायला लावा, वेळ जास्त लागेल. कमर सैल असेल तर मागून मधोमध घेतात, आणि दीड इंचाच्या पुढे घेतली की मागचे दोन खिसे एकमेकांकडे सरकतात. तेवढी सैल असेल तर बेल्ट लावा.

लांबी ठरवताना पायात तेच घाला जे तुम्ही जास्त वेळा घालणार आहात. कोल्हापुरी आणि जाड तळाचे स्नीकर्स यांच्यात सहज इंचभर फरक पडतो. कोल्हापुरीसाठी कापलेली जीन्स स्नीकर्सवर आखूड दिसते, आणि स्नीकर्ससाठी कापलेली कोल्हापुरीवर रस्ता झाडत जाते. माझं मत विचाराल तर या जीन्सखाली कातड्याच्या नैसर्गिक रंगाची कोल्हापुरी सगळ्यात सुंदर दिसते. एवढ्या छापील रंगांच्या खाली कमावलेल्या चामड्याचा तो तपकिरी रंग डोळ्याला विसावा देतो. पण तुम्ही स्कूटरवर जाता आणि पुण्यात पाऊसही असतो, म्हणून तुमच्यासाठी साधे, चित्र नसलेले, मळखाऊ रंगाचे स्नीकर्स धरून चालूया. पांढरेशुभ्र नकोत. नवी काळी किंवा गडद निळी जीन्स घासून रंग सोडते आणि बुटांच्या जिभेवर, कडांवर डाग पडतात. फिकट पर्स आणि स्कूटरची फिकट सीट यांनाही तोच धोका. ओला पांढरा रुमाल जीन्सच्या आतल्या बाजूला घासून बघा, रुमाल काळा झाला तर अजून दोनदा वेगळी धुवावी लागेल.

चित्र कशाने काढलंय तेही बघून घ्या, कारण त्यावर ते किती टिकणार हे ठरतं. चेहऱ्यावर बोट फिरवा. कापडावर पातळ थर बसल्यासारखा गुळगुळीत लागला तर तो वर बसवलेला रंग आहे. दोन बोटांनी कापड हलकेच ताणा. थराला केसासारख्या भेगा दिसल्या तर ती जीन्स गुडघ्यावर आणि बसताना जिथे घडी पडते तिथे आधी तडकणार. कापडात लायक्रा, म्हणजे ताणला जाणारा धागा, जास्त असेल तर आणखी लवकर. बोटाला काहीच थर लागला नाही तर एकतर रंग कापडात मुरलेला आहे किंवा मूळ रंग काढून चित्र उमटवलंय, ते जास्त टिकतं. निळ्या डेनिमवर हे दुसरं काम विशेष छान होतं, कारण तिथे नीळ सुताच्या बाहेरच्या बाजूलाच बसलेली असते आणि आतला गाभा पांढरा राहतो. वरची नीळ उडवली की खालून पांढरं येतं.

कुठल्याही प्रकारची असो, उलटी करून गार पाण्यात धुवा, भिजत घालून ठेवू नका, ब्रशने घासू नका, उलटीच सावलीत वाळत घाला. इस्त्री आतून. प्रत्येक वेळी घातल्यावर धुवायची गरज नाही. पाच-सहा वेळा घालून एकदा धुतली तर चालते, मधल्या दिवसांत वाऱ्यावर टाका. जुलै-ऑगस्टमध्ये मात्र ती कपाटातच राहू द्या. जाड डेनिम तेव्हा दोन-दोन दिवस वाळत नाही, कुबट वास येतो, आणि स्कूटरच्या चाकाचा चिखल त्या पांढऱ्या चेहऱ्यावर उडाला तर घासल्याशिवाय निघणार नाही आणि घासलं तर रंग जाणार.

आतापर्यंतचं थोडक्यात धरा: कड चित्राच्या चार बोटं वर, रंग प्रिंटमधला शांत, नक्षी असेल तर बारीक, चेहऱ्याजवळ एक ठिपका, आणि कात्री लावण्याआधी एकदा धुणं.

एक गोष्ट तुम्ही विचारली नाहीत, पण मी प्रत्येकीला सांगते. जीन्सवर लिहिलंय काय ते वाचा. तुमच्या उजव्या पायावर इंग्रजी अक्षरं आहेत असं तुम्ही लिहिलंत, शब्द काय ते लिहिलं नाहीत. ऑफिसात घालणार असाल तर त्या शब्दाचा बोलीभाषेतला अर्थही बघून घ्या. माझ्याकडे एका मुलीने आणलेल्या जीन्सवर असा शब्द होता, की तो कळल्यावर तिने ती पुन्हा घातली नाही. परक्या लिपीतली अक्षरं असतील तर आधी अर्थ विचारा. आणि देवाचं चित्र, मंत्र, महाराजांची मुद्रा असं काही कमरेखाली नको. हौसेने घेतलेली असेल, मनात अनादर नसेल, तरी बघणाऱ्याला ते लागतं आणि लागावं यात त्याची चूक नाही.

‘एवढी ठळक जीन्स, लोकांच्या लगेच लक्षात राहते, आठवड्यातून दोनदा घातली तर?’ ही शंकाही तुमच्या पत्रात आहे. लक्षात राहते, हे खरंय. पण जीन्स हा मुळात रोज घालायचाच कपडा आहे. आपल्या मुंबईतल्या डोंगरीच्या जाड्याभरड्या कापडावरून इंग्रजीत ‘डंगरी’ हा शब्द गेला, आणि ते कापड खलाशी आणि कामकरी लोक घालायचे. अमेरिकेत १८७३ साली पॅंटच्या खिशांना तांब्याचे रिव्हेट, म्हणजे ठोकून बसवायचे छोटे खिळे, मारायचं पेटंट लिव्हाय स्ट्राउस आणि जेकब डेव्हिस यांनी घेतलं, तेही कष्टाच्या कामात खिसे फाटू नयेत म्हणून. पुढे साठ-सत्तरच्या दशकांत तिथल्या तरुण पोरांनी आपापल्या जुन्या जीन्सवर घरीच फुलं भरली, रंग फासले, ठिगळं लावली. ती मुलं ती जीन्स एका समारंभापुरती ठेवत नव्हती, रोज घालत होती. चित्रांची जीन्स तिथून आलीय. तुम्ही ती आठवड्यातून एकदा, वेगवेगळ्या चार टॉपवर घातलीत तर महिन्याभरात ती तुमची म्हणून ओळखली जाईल, आणि लोक ती बघायचं सोडून तुमच्याशी बोलायला लागतील.

चार टॉप कुठले ते तुमच्या कपाटातूनच काढू. माझ्या अंदाजाने एक गडद राखाडी टी-शर्ट आणि एक फिकट निळा डेनिम शर्ट तुमच्याकडे असणारच. मांजरपाटी रंगाचा सुती शर्ट शिवून घ्या, मापाला भाऊ किंवा वडिलांचा जुना शर्ट चालेल, खांदे तेवढे आत घ्यायचे. चौथा खणाचा, पण तो घाईने घेऊ नका, आधी तीन वापरून बघा.

आणि शिंप्याकडे जाण्याआधी एक करा. जीन्स धुऊन वाळली, की ती घाला, पायात रोजचे स्नीकर्स चढवा, भिंतीला टाचा लावून सरळ उभ्या राहा आणि दुसऱ्या कुणालातरी टाचेपाशी पट्टी धरायला सांगा. स्वतः वाकलात की माप चुकतं. जमिनीवर किती कापड साचतंय, आणि उजव्या पायावरचं शेवटचं अक्षर कडेपासून किती इंच वर आहे, हे दोन आकडे मला इथेच कळवा. त्यावरून मूळ कड ठेवून कापायची की सरळ खालून, ते सांगते.